तळ्याकाठची निवडणूक

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आता माझ्याच नोकरीला इतकी वर्षं झाली आहेत की नव्यानं रुजू झालेल्या शिक्षिका मला विचारतात, तुमच्या वेळी कसं होतं हो. तुम्हाला पत्र लिहायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. परवा मतदान झालं, माझी ड्यूटी होती, आणि पेट्या जमा करून घरी आल्यापासून डोक्यात तुमच्याशीच बोलणं चालू आहे. भाजी चिरताना, वह्या तपासताना, रिक्षात बसल्यावर. म्हटलं, एकदा लिहून काढावं, म्हणजे थांबेल.

उचगावच्या आपल्या त्या शाळेत तुम्ही कोल्हापुरातून सिटी बसनं यायचात. बसथांब्यापासून शाळेपर्यंत चालत येताना तुमच्या खांद्याला दोन पिशव्या असायच्या, एक डब्याची आणि एक चित्रांची. आम्हा पोरींची भांडणं व्हायची ती चित्रांची पिशवी कुणी धरायची यावरून. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही चित्रं काढायचात, जाड दोऱ्यानं ती शिवायचात, आणि त्याचं पुस्तक व्हायचं. पुढून पाहिलं की म्हैस, आणि कागद उजेडात धरला की म्हशीच्या पोटातून कुठल्यातरी महिन्याच्या तारखा दिसायच्या. पुस्तकांना पुठ्ठा चिकटवायचं काम रविवारी तुमच्या घरी चालायचं. माझे वडील उद्यमनगरात कामाला जायचे, रविवारी त्यांची पाळी असली की जाताना मला तुमच्या दारात सोडायचे. तुमचं स्वयंपाकघर एवढंसं होतं. स्टोव्हवर एकीकडे आमटी उकळत असायची आणि दुसऱ्या भांड्यात मैद्याची खळ. तुम्ही एकाच हातानं दोन्ही ढवळायचात आणि म्हणायचात, "चमचे बदलले तर आपलं जेवण पोटाला चिकटेल बघ." मी खदाखदा हसायचे. माझ्या घरी आई गेल्यापासून स्वयंपाकघरात कुणी विनोद करत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तर मला बोलवायचात. तेव्हा मला वाटायचं, मी खळ फार छान लावते म्हणून बोलवता.

तळ्याचं पुस्तक तुम्ही केलंत ते आम्ही चौथीत असताना. गावात निवडणूक लागली होती, भिंतीभिंतींवर चिन्हं रंगवली होती, आणि पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांच्या नावानं घोषणा देत मैदानभर फिरायची. तुम्ही ओरडला नाहीत. दोन-चार दिवसांनी पिशवीतून ते पुस्तक काढलंत. तळ्याची राखण कुणी करायची म्हणून प्राण्यांची निवडणूक. डोक्यावर पांढरी टोपी घातलेला बगळा माशांना सांगतो, मी तुमच्या सेवेला एका पायावर तयार आहे, आणि खरंच एका पायावर उभा असतो. बेडूक भाषण करता करता इतका फुगतो की पान पुरत नाही, त्याचं पोट पुढच्या पानावर गेलेलं. गाढवाची मिरवणूक निघते आणि ते गळ्यातला हार खात खात चालतं. मिरवणूक संपते तेव्हा गळ्यात नुसता दोरा. सगळे म्हशीला म्हणतात, तूही उभी राहा की, तर ती पाण्यात बसल्या बसल्या म्हणते, मी बसलेय तीच बरी आहे. आणि कासव अर्ज भरायला निघालेलं असतं. ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दिसायचं, आणि शेवटपर्यंत पोचायचंच नाही. तुम्ही प्रत्येकाचा आवाज काढायचात. बगळ्याचा आवाज काढताना तुम्ही खुर्चीजवळ पदर खोचून एका पायावर उभ्या राहिलात, आणि बाहेरून जाणारे हेडसर खिडकीत थबकले, ते मला अजून दिसतात.

शेवटचं पान तुम्ही कोरं ठेवलं होतं. आम्ही एकेक चिंचोका घेऊन कपाटामागं जायचं, तिथं मांडलेल्या डब्यांपैकी आपल्याला हव्या त्या प्राण्याच्या डब्यात टाकायचा, आणि जो निवडून येईल त्याचं चित्र त्या पानावर लागणार. मी रांगेत होते. माझ्यापुढच्या मैत्रिणीचा हात मी धरला आणि तिची मूठ उघडायला लावली, कारण तिनं चिंचोक्यावर पेनानं बेडूक काढला होता आणि मला तो बघायचा होता. तुम्ही ते पाहिलंत. बाई, तुम्ही वर्गात कधी आवाज चढवायचा नाहीत, त्या दिवशीही चढवला नाहीत. म्हणालात, "तिचं मत तू पाहिलंस. म्हणजे ते आता तिचं राहिलं नाही." आणि झालेलं सगळं मतदान रद्द करून, डबे रिकामे करून, सगळ्या वर्गाला पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं केलंत. पोरं माझ्यावर चिडली. मी रडले. पण पुन्हा चिंचोका हातात देताना तुम्ही माझी मूठ आपल्या हातानं बंद केलीत, घट्ट.

गाढव निवडून आलं. पोरांनी बाकं बडवली. तुम्ही शांतपणे शेवटच्या पानावर गाढव चिकटवलंत आणि म्हणालात, "ठीक आहे. तुम्ही निवडलंय." मग आम्ही त्या गोष्टीचं नाटक करायचो त्यात जो मुलगा गाढव व्हायचा, त्याच्याकडं वर्गातला माठ भरायचं काम दिलंत. दोन दिवस भरला, मग विसरला, मग सगळा वर्ग तहानलेला. आम्ही तक्रार घेऊन आलो तर म्हणालात, "माझ्याकडं कशाला आलात? सहामाहीनंतर पुन्हा मतदान आहे." सहामाहीनंतर म्हैस निवडून आली आणि माठ भरलेला राहू लागला. इतकं सोपं होतं ते. चुकलं की पुन्हा निवडायचं. दहाव्या वर्षी माझ्या डोक्यात हे असं पक्कं बसलं की पुढं कुणी कितीही काही सांगितलं तरी मला आत कुठंतरी वाटत राहायचं, सहामाहीनंतर आहे की मतदान.

मला डी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी पेढे घेऊन आले. तुम्ही तेव्हाच अंथरुणाला खिळला होतात. पोटाचं दुखणं आहे एवढंच सांगायचात. त्या स्वयंपाकघरात तुमची भाची चहा करत होती आणि तुम्ही आतल्या खोलीतून तिला साखर कुठं आहे ते सांगत होतात. तुम्ही मला तळ्याचं पुस्तक दिलंत. शेवटच्या पानावरचं चित्र तुम्ही पाणी लावून अलगद काढलं होतं, कागद तिथं थोडा सोललेला होता. म्हणालात, "तुझ्या पोरांना ठरवू दे." मी म्हटलं, बाई, तुम्ही बऱ्या व्हा, मग दोघी मिळून नवीन करू. तुम्ही हसलात आणि बगळ्याच्या आवाजात म्हणालात, "एका पायावर तयार." त्यानंतर आपली भेट झाली नाही.

माझी नोकरी आधी लांब डोंगरात झाली, मग बदली होऊन मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आले. चारी बाजूला ऊस, पावसाळ्यात नदी वर चढली की शाळेत माणसं राहायला यायची आणि शाळा बंद. तुमचं पुस्तक फाटत चाललं होतं म्हणून मी ते नवीन जाड कागदावर जसंच्या तसं काढून घेतलं. माझी चित्रं तुमच्यासारखी नाहीत. माझं गाढव कुत्र्यासारखं दिसतं. तरी पोरं हसायची. दर वर्षी शाळेचं मंत्रिमंडळ निवडायचं असतं ना, तेव्हा मी ते काढायचे. आधी पुस्तक, मग चिंचोके, मग खरी निवडणूक. आता सांगते ते तिथलंच, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी नेमकी जिल्हा परिषदेचीही निवडणूक लागली होती.

चौथीत एक मुलगी होती. बोलायला तिखट, अक्षर वाईट, गणितात हुशार. तिचे वडील गावच्या दूध संस्थेचा टेम्पो चालवायचे. शाळेच्या मुख्यमंत्रिपदासाठी तिनं नाव दिलं. तिच्याविरुद्ध त्याच दूध संस्थेच्या चेअरमनचा नातू. तोही मुलगा वाईट नव्हता बाई, उलट जरा बुजरा होता, त्याला घरच्यांनीच उभं केलं होतं. परिपाठाच्या वेळी दोघांची भाषणं झाली. त्यानं पाठ केलेलं म्हटलं, देश, झाडं, स्वच्छता. ती उठली. आपल्याकडच्या पोरी बोलतात तसंच बोलली, "मी निवडून आलो तर पोरींच्या संडासाला कडी लावून घेणार. आत्ता एकीला दार धरून उभं ऱ्हायला लागतंय. मी दुसरं काय करणार न्हाई. एवढंच करणार." आणि खाली बसली. मोठ्या वर्गातल्या मुली आधी एकमेकींकडं बघून लाजल्या आणि मग त्यांनी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या थांबेनात. मी मागं उभी होते. मला वाटलं, बाई आत्ता इथं हव्या होत्या.

त्याच आठवड्यात चेअरमन शाळेत आले. गावात कुठलंही चांगलं काम असेल तर त्यांनाच बोलावलं जायचं, त्यामुळं त्यांच्या येण्यात नवल नव्हतं. वर्गात येऊन त्यांनी पोरांना नमस्कार केला, माझ्या टेबलावरचं पुस्तक उचललं, उभ्या उभ्या चाळलं. मनापासून हसले. "झकास काढलायसा की. हे गाढव बगा, हार खाया लागलंय." मग बगळ्याच्या पानावर थांबले. त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली, कारण त्यांनी ते माझ्याआधीच ओळखलं होतं. मी तुम्हाला शपथेवर सांगते, माझ्या मनात तसं काही नव्हतं. बगळ्याला टोपी तुम्ही घातली होती, माझ्या लहानपणी. ते म्हणाले, "बाई, तेवढी टोपी काढली तर?" मी म्हटलं, "टोपी काढली तर मग तो नुसताच बगळा राहील." ते पुन्हा हसले. "मग ऱ्हाऊ द्या. पर पुस्तक आता निवडणूक होईपर्यंत कपाटात ठेवा. लोकं कशाचं काय करतील, सांगता यायचं न्हाई." आवाज अगदी मायेचा होता. जाताना त्यांनी सगळ्या शाळेला कुल्फी सांगितली. नातवाचा वाढदिवस जवळ आलाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मुलीचे वडील फाटकाजवळ उभे होते. टेम्पो रस्त्याच्या कडेला चालूच ठेवला होता.

"बाई, पोरीचं नाव तेवढं काढा."

"का?"

"का म्हंजे, सायबांचा नातू उभा हाय न्हवं."

"अहो, मुलांची निवडणूक आहे ती."

"तुमास्नी पोरांची हाय. गावात तसं कोण म्हणंना."

"तुम्हाला कुणी काही बोललं का?"

"कोण न्हाई बोललं," ते म्हणाले. "बोलाय कशाला पायजे?"

मी म्हटलं, नाव तिनं दिलंय, काढायचं तर तिनंच काढावं, मी काढणार नाही. मला वाटलं, ती काही काढायची नाही. ते मान हलवून गेले. मी मुख्याध्यापकांकडं गेले, त्यांना सगळं सांगितलं. ते निवृत्तीला आले होते, साधा माणूस, कुणाचं वाईट करणारा नव्हे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "बाई, शाळेला कंपाउंड पाहिजे की नको? वर्गणी कोण देणार आहे? गावची ग्रामपंचायतसुद्धा आपण बिनविरोध करतो. पोरांत कशाला कटुता?" मी बरंच बोलले. मंत्रिमंडळ हे शिकवण्यासाठी आहे, कुणाला पद देण्यासाठी नाही, असं काहीतरी. ते ऐकून घेत होते. ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी पोरं आंघोळ करून, तेल लावून आली होती. आम्ही बुटांच्या खोक्यांना कागद लावून मतपेट्या केल्या होत्या. परिपाठ झाल्यावर ती मुलगी पुढं आली. तिनं केस ओले करून घट्ट वेण्या घातल्या होत्या. म्हणाली, "मी माझं नाव मागं घेतो." मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ती जागेवर गेली नाही. चेअरमनच्या नातवाकडं वळली आणि म्हणाली, "संडासाच्या कडीचं तेवढं बघ." तो बिचारा लाल झाला. "बघतो की," म्हणाला.

मग पोरांमधून कुणीतरी विचारलं, "बाई, म्हंजे मत द्यायचंच न्हाई?" मी काय सांगणार होते? एवढी खोकी रंगवली होती, पडदा बांधला होता. लहान वर्गातली तर आता रडणारच अशी दिसत होती. मुख्याध्यापकच म्हणाले, "असं करा, शाई लावा सगळ्यांना. फोटो तर काढू." आणि मी मार्कर घेऊन एकेका पोराच्या बोटाला रेघ ओढली. बाई, मत दिलेलं नाही आणि बोटाला शाई आहे, अशी ती सगळी शाळा मैदानात ओळीनं बसली. हसा म्हटल्यावर सगळ्यांनी बोटं वर केली. त्या मुलीनंही. ती पहिल्याच ओळीत होती. तो फोटो पेपरात आला, चिमुकल्यांनी बजावला मतदानाचा हक्क. मुख्याध्यापकांनी तो लॅमिनेट करून ऑफिसात लावला.

आणि आता जे सांगते, ते तुमच्या पुस्तकात कुठल्याच पानावर नाही. पुढच्या आठवड्यात चेअरमननी माणूस पाठवला. मुलींच्या संडासाला कडी बसली. नुसती कडी नाही, जुनं दार काढून नवीन लोखंडी दार बसवलं, आत दिवा लावला. मुली इतक्या खूश झाल्या की मधल्या सुट्टीत उगाच जाऊन कडी लावून बघायच्या. त्या मुलीची आई शाळेत येऊन मला म्हणाली, "बगा बाई, उभं न ऱ्हाता काम झालं की." ती आनंदानंच म्हणाली. मी त्या मुलीच्या चेहऱ्याकडं बघत होते, राग दिसतोय का म्हणून. राग नव्हता. ती काहीतरी शिकली होती, आणि ते तिला पटलं होतं. तुमच्या तळ्यात सोपं होतं बाई. बगळा निवडून आला असता तर त्यानं मासे खाल्ले असते आणि पोरांना कळलं असतं. इथं बगळ्यानं कुणाला खाल्लं नाही. त्यानं कडी बसवून दिली. आता त्या पोरांना मी काय सांगायचं होतं? की दार नको म्हणा?

मी त्यानंतरही काही वर्षं पुस्तक वर्गात नेत राहिले. पण माझ्या आवाजातलं काहीतरी गेलं होतं, ते पोरांना कळतं. बेडूक फुगला की ती हसायची, चिंचोके टाकायची, आणि एक वर्ष असं आलं की मतदानाच्या आधी एका मुलानं डबीतून आणलेली बोरं आणि चिंचा सगळ्यांना वाटल्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, प्रचार. पुस्तकातल्या कुणीच असं केलेलं नाही, हे त्यानं पुस्तकाबाहेरून आणलं होतं. मला हसू आलं नाही. नंतर माझी बदली झाली, आणि नव्या शाळेत मंत्रिमंडळ शिक्षकच ठरवतात. हुशार मुलाला मुख्यमंत्री, टापटीप मुलीला आरोग्यमंत्री. वेळ वाचतो. मी काही बोलले नाही. बोलून काय होतं ते मी पाहिलंय.

परवा मी दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याच्या खुर्चीत होते, शाई लावायची आणि सही घ्यायची. तालुक्यातलंच एक गाव. दुपारनंतर बायकांची रांग वाढली. एक मुलगी टेबलापाशी आली, काखेत लहान मूल, मागं सासू. तिनं बोट पुढं केलं आणि म्हणाली, "बाई, वळखलं का?" आवाजावरून ओळखलं. तोंड पुष्कळ उतरलं होतं, पण आवाज तोच. मी म्हटलं, "तू इथं कुठं?" "दिली न्हवं का हितं," ती म्हणाली. बारावीनंतर लगेच लग्न झालं, ही पोरगी झाली, असं तिनं भराभर सांगितलं. मी तिच्या बोटाला शाई लावत होते. सासू केंद्राध्यक्षांना म्हणाली, "हिला यंत्राचं कळत न्हाई, मी जाते संगं." ते म्हणाले, नाही आजी, एकटीनंच जायचं. मला आत बरं वाटलं. ती मूल सासूकडं देऊन पडद्याआड गेली. यंत्राचा तो लांब आवाज झाला. ती बाहेर आली. दारातच सासूनं विचारलं, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कुठलं दाबलंस?"

"सांगिटलंय तेच की," ती म्हणाली. तशीच मोठ्यानं, कुणापासून काही लपवण्यासारखं नसल्यासारखी. उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते, ते हसले. केंद्राध्यक्षांनी खाली बघून कागदावर काहीतरी लिहिलं. मला उठावंसं वाटलं. उठून काय करणार होते, ते आत्ताही मला ठाऊक नाही. यंत्रातलं मत रद्द करून पुन्हा पहिल्यापासून रांग लावता येत नाही.

पोर पुन्हा काखेत घेऊन ती जाता जाता माझ्या टेबलाशी परत आली. "बाई, ते बगळ्याचं पुस्तक हाय का अजून? माझ्या पोरीला दावायचं व्हतं. लई भारी बगळा व्हता त्यो." मी म्हटलं, आहे, ये एकदा घरी. "येतो की," म्हणाली. तिला सगळं आठवत होतं बाई, हार खाणारं गाढव, फुगलेला बेडूक, कोपऱ्यातलं कासव. उभ्या उभ्या ती हसत होती आणि काखेतली पोर तिच्या तोंडाकडं बघत होती. कडीचं तिला आठवतं का, हे मी विचारलं नाही. रांगेतली मागची बाई म्हणाली, "बाई, बोलणं मागनं करा की, ऊन लागाय लागलंय." ती गेली. मी पुढच्या बोटाला शाई लावली. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. प्रत्येक बोट पुढं आलं की मला वाटायचं, याचं मत याचं आहे का, आणि मग वाटायचं, तुला काय करायचंय, तू रेघ ओढ.

तुम्ही हे सगळं पाहिलं असतंत तर काय म्हणाला असतात, याचा मी खूप विचार केला. पूर्वी मला तुमचं उत्तर यायचं. तुमच्या आवाजात, ताबडतोब. आता येत नाही. तुम्ही वर्गात इतक्या खात्रीनं उभ्या असायचात, ती खात्री तुम्हाला खरंच होती, की पोरांसमोर उभं राहायचं म्हणून होती? रविवारी त्या स्वयंपाकघरात एकदा तुम्ही ब्रश धुता धुता बराच वेळ गप्प बसला होतात. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालात, "काही नाही. रंग सुकतोय." तेव्हा मी लहान होते. आता त्या गप्प बसण्याचं काय करायचं, मला कळत नाही.

एक सांगायचं राहिलं. ड्यूटीवर असणाऱ्यांना आपल्या गावी जाऊन मत देता येत नाही, म्हणून प्रशिक्षणाच्या हॉलमध्येच टपाली मतदानाची सोय असते. मी तिथं रांगेत उभी होते. उन्हात नाही, पंख्याखाली. माझ्यापुढं फारसं कुणी नव्हतं. कुणी मला काही सांगितलं नव्हतं, कुणी पैसे वाटले नव्हते, कुणाची भीती नव्हती. माझा नंबर जवळ आला तेव्हा मी रांगेतून बाहेर पडले, जिन्याखाली जाऊन चहा घेतला आणि परत येऊन माझ्या जागेवर बसले. कुणावर राग होता म्हणावं तर तसंही नाही. हात पुढं जाईना, एवढंच. घरी सगळ्यांना सांगितलंय, दिलं म्हणून. तुम्ही असतात आणि हे पत्र खरंच टाकायचं असतं, तर एवढा शेवटचा भाग मी गाळला असता. ते कुठंच जाणार नाही, म्हणून राहू दिलाय.